आधी तुकड्याची चाचणी, मग औषध

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

फुप्फुसाच्या कर्करोगावरील ऑसिमर्टिनिब या गोळीवरचे सीमाशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. याच आजारावरच्या जेफिटिनिबच्या भारतीय बनावटीच्या गोळ्या तर त्याआधीच बऱ्याच कुटुंबांच्या आवाक्यात आल्या होत्या. औषधांच्या किमतीवर वर्तमानपत्रांतून लिहिले जाते, ते योग्यच आहे. पण ही औषधे नेमकी कोणाला द्यायची हे गाठीच्या तुकड्यावरच्या ज्या चाचणीवर ठरते, तिच्याबद्दल फारच कमी लिहिले जाते. रुग्णाचे नुकसान पुष्कळदा या टप्प्यावरच होते आणि त्यातले बरेचसे टाळता येण्याजोगे असते, म्हणून हे पत्र.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे साधारण ८५ टक्के रुग्ण 'नॉन-स्मॉल सेल' प्रकारात मोडतात. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा पोटप्रकार म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमा. भारतातील अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात ईजीएफआर या जनुकात बदल सापडतो. पाश्चात्त्य देशांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त आहे. शंभरातल्या तीन ते सात जणांत एएलके जनुकाची अदलाबदल असते, एक-दोन जणांत रॉस-१ ची. बीआरएएफ, मेट, रेट, हर-२, केआरएएस, एनटीआरके हेही तपासायचे असतात. यातल्या बहुतेकांवर आता नेमकी गोळी किंवा इंजेक्शन उपलब्ध आहे. या जनुकबदलांना एकत्रितपणे बायोमार्कर म्हणतात. ते सीटी स्कॅनवर दिसत नाहीत आणि रुग्णाकडे पाहून ओळखता येत नाहीत. गाठीचा तुकडा, छातीतले पाणी किंवा रक्त तपासूनच ते कळतात.

'गोळी सुरू करून बघू, लागू पडली तर पडली,' असा सल्ला अजूनही दिला जातो, विशेषतः रुग्ण अशक्त असेल आणि केमो झेपणार नाही असे वाटले तर. यावरचे उत्तर २००९ सालीच मिळाले आहे. आयपास नावाच्या मोठ्या अभ्यासात जेफिटिनिबची (ऑसिमर्टिनिबप्रमाणे हीही ईजीएफआर बदलावरची गोळी) तुलना केमोथेरपीशी केली होती. ज्यांच्यात ईजीएफआर बदल होता, त्यांच्यापैकी ७१ टक्के रुग्णांची गाठ गोळीने लक्षणीय आकसली. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांच्यात हेच प्रमाण जेमतेम १ टक्का होते, तर केमोने साडेतेवीस टक्के. म्हणजे बदल नसलेल्या रुग्णाला अंदाजाने गोळी दिली, तर त्याच्या हातचा लागू पडणारा उपचार काढून घेतला जातो, आणि या आजारात गेलेले दोन-तीन महिने भरून निघत नाहीत. अशक्त रुग्णाच्या बाबतीत तर चाचणीचे महत्त्व आणखी वाढते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केमो देता येत नाही, पण बदल सापडला तर गोळीवर तो उठून बसू शकतो. 'आता काही करण्यासारखे नाही' असे सांगण्याआधी निदान ईजीएफआर आणि एएलके तपासलेले असायला हवेत.

उलट दिशेने होणारी चूक अलीकडे वाढली आहे. तुकड्यावर पीडी-एल१ नावाचीही तपासणी होते आणि इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारा उपचार) द्यावी का, हे ठरवायला तिचा उपयोग होतो. तिचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, जनुकांच्या रिपोर्टला वेळ लागतो. पीडी-एल१ ५० टक्क्यांच्या वर आला की घरचे लोक घाई करतात, कधी डॉक्टरही करतात, आणि इम्युनोथेरपीचा पहिला डोस दिला जातो. मग ईजीएफआर पॉझिटिव्ह येतो. ईजीएफआर बदल असलेल्या रुग्णात पीडी-एल१ कितीही जास्त असला तरी इम्युनोथेरपी एकटी सहसा लागू पडत नाही. अमेरिकेत नेमक्या अशा रुग्णांवर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध वापरून पाहणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ रुग्ण घ्यायचे ठरले होते. ११ जणांनंतर अभ्यास थांबवावा लागला. फक्त एकाची गाठ आकसली होती, आणि त्याचा तुकडा पुन्हा तपासला तेव्हा त्याच्यात ईजीएफआर बदल नव्हताच, मूळ रिपोर्टच चुकला होता, असे निघाले.

प्रश्न वाया गेलेल्या पैशांवर संपत नाही. इम्युनोथेरपीचा परिणाम शरीरात कित्येक आठवडे राहतो. तिच्या पाठोपाठ, पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तच, ऑसिमर्टिनिब सुरू केले तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. एएलके आणि रॉस-१ साठी वापरल्या जाणाऱ्या क्रिझोटिनिबच्या बाबतीत असाच धोका यकृताला असतो. म्हणून रुग्ण फार दमला असेल, थांबणे शक्यच नसेल, तर रिपोर्ट येईपर्यंत केमोचा एक डोस इम्युनोथेरपीशिवाय द्यावा आणि रिपोर्ट आल्यावर पुढचे ठरवावे. हा मार्ग जगभर मान्य आहे.

आता तुकड्याकडे येतो, कारण खरी गळती तिथे आहे.

सुईने निघालेला तुकडा शेवईच्या तुकड्याएवढा असतो: जेमतेम एक मिलिमीटर जाड आणि एक-दीड सेंटिमीटर लांब. कर्करोग आहे एवढे सांगायला असा एक तुकडा पुरतो. जनुकांची चाचणी करायला पुरत नाही. सीटी स्कॅनच्या मदतीने बायोप्सी करताना १८ किंवा २० गेजच्या सुईने चार ते सहा तुकडे घ्यावेत. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असेल तर किती घ्यायचे हे रेडिओलॉजिस्टच ठरवतील. पण 'जनुकांची चाचणीही करायची आहे' हे बायोप्सीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसेल, तर ते दोन तुकडे घेऊन थांबतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. मानेत गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या वर गाठ लागत असेल तर तिथून तुकडा घेणे सोपे आणि कमी जोखमीचे असते. मान चाचपून पाहायची मात्र राहून जाते.

तुकडा कोणत्या बाटलीत जातो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. आपल्याकडे छातीतल्या प्रत्येक गाठीच्या बाबतीत क्षयरोगाची शंका असते आणि ती रास्तही आहे. त्यामुळे एक तुकडा क्षयरोगाच्या कल्चरला किंवा सीबीनॅट चाचणीला जातो. तो साध्या सलाईनमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, जंतू मरतात. बाकीचे तुकडे पॅथॉलॉजीला जातात आणि ते फॉर्मालिनमध्येच असावे लागतात, कारण सलाईनमध्ये पेशी फुगून विरू लागतात आणि डीएनए खराब होतो. दोन बाटल्या, दोन द्रव, दिसायला दोन्ही पाण्यासारखे. बाटल्यांची अदलाबदल झाली किंवा सगळेच तुकडे सलाईनच्या बाटलीत गेले, तर क्षयरोगाची तपासणी होते आणि कर्करोगाची बुडते. बाटलीवर रुग्णाचे नाव, कोणत्या बाजूचा तुकडा, आतला द्रव कोणता आणि तुकडा टाकल्याची वेळ लिहिलेली असावी, आणि तेही बाटलीच्या अंगावर. झाकणावर नको, कारण झाकणे बदलतात.

फॉर्मालिन १० टक्क्यांचे, न्यूट्रल बफर्ड हवे. बफर नसलेले फॉर्मालिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि डीएनएचे तुकडे पाडते. प्रमाण तुकड्याच्या आकारमानाच्या दहा पट. तुकडा त्यात किमान ६ तास राहावा आणि ४८ तासांच्या आत, फार तर ७२ तासांत, पुढच्या प्रक्रियेला जावा. शनिवारी दुपारी केलेली बायोप्सी जोडून सुट्ट्या आल्या की मंगळवारपर्यंत पडून राहते. स्लाइडवर ती छान दिसते, कर्करोगाचे निदानही होते. जनुकांच्या चाचणीत मात्र 'डीएनए निकृष्ट' असा शेरा येतो. सलग सुट्ट्यांच्या तोंडावर शक्यतो बायोप्सी ठेवू नये. ठेवलीच तर तुकडा प्रक्रियेला लावणारा माणूस कामावर आहे ना, हे आधी पाहावे.

छातीत पाणी झालेल्या रुग्णांचे तर फारच नुकसान होते. दम कमी व्हावा म्हणून लिटर-दीड लिटर पाणी काढले जाते, त्यातले १० मिलिलिटर एडीए या क्षयरोगाच्या चाचणीला आणि पेशींच्या मोजणीला पाठवले जाते आणि उरलेले ओतून दिले जाते. त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी असू शकतात. निदान १०० मिलिलिटर, जमल्यास त्याहून जास्त, पॅथॉलॉजीला 'सेल ब्लॉक करावा' अशी चिठ्ठी जोडून पाठवावे. लगेच पाठवणे शक्य नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. पाण्यातल्या पेशी गोळा करून त्यांचा मेणातला ठोकळा बनवला की त्यावर ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ सगळे करता येते, आणि रुग्णाची पुन्हा सुई टोचण्यातून सुटका होते.

हाडातून तुकडा घ्यायची वेळ आली तर आणखी एक अडचण असते. हाड कापता यावे म्हणून ते आम्लात मऊ करतात आणि त्या आम्लाने डीएनए नष्ट होतो. ईडीटीए या सौम्य रसायनात मऊ केले तर वेळ जास्त लागतो, पण चाचणी होऊ शकते. दुसरी जागा उपलब्ध असेल तर हाड टाळावे.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर तुकडा संपण्याचे कारण बदलते. गाठ फुप्फुसाचीच का, अ‍ॅडिनो की स्क्वॅमस (नॉन-स्मॉल सेलचाच दुसरा पोटप्रकार), हे ठरवायला टीटीएफ-१ आणि पी-४० एवढे दोन रंग (पेशींतली विशिष्ट प्रथिने दाखवणाऱ्या तपासण्या) बहुतेक वेळा पुरतात. आठ-दहा रंगांचा संच लावला तर तुकड्याचा मेणातला ठोकळा निदानातच झिजतो. शिवाय दर वेळी ठोकळा यंत्रावर नव्याने लावला की तो समतल करण्यातच काही काप वाया जातात. म्हणून पहिल्याच वेळी दहा-पंधरा कोरे काप काढून ठेवावेत आणि तुकडे चार असतील तर ते दोन ठोकळ्यांत विभागून ठेवावेत. त्याला जादा खर्च जवळजवळ काही नाही. एवढ्या एका सवयीने किती पुनर्बायोप्स्या वाचतात, हे पॅथॉलॉजीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोणत्या चाचण्या कराव्यात? खर्च झेपत असेल तर एनजीएस, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुके पाहणारी चाचणी, सर्वांत बरी. ती घेताना डीएनएबरोबर आरएनए तपासला जाणार आहे का, हे विचारावे, कारण एएलके, रॉस-१, रेट, एनटीआरके यांची अदलाबदल आणि मेट जनुकाच्या एक्झॉन-१४ या भागातला बदल केवळ डीएनएवर निसटू शकतो. पाचशे जनुकांचे पॅनेल पन्नासवाल्यापेक्षा दहा पट चांगले असते, हा समज चुकीचा आहे. उपचार ठरवणारी जनुके दहाच्या आसपास आहेत आणि ती नीट पाहिली गेली पाहिजेत. एनजीएसला हजारो रुपये लागतात. ते शक्य नसेल तर ईजीएफआर पीसीआरवर, एएलके डी५एफ३ या इम्युनो चाचणीवर आणि रॉस-१ इम्युनो चाचणीवर करता येतात. रॉस-१ पॉझिटिव्ह आले तर फिश (जनुकाची अदलाबदल दाखवणारी चाचणी) किंवा तत्सम दुसऱ्या चाचणीने खात्री करून घ्यावी. कधीही धूम्रपान न केलेल्या तरुण रुग्णात या तिन्ही निगेटिव्ह आल्या तर तिथे थांबू नये. अशा रुग्णात दुसरा एखादा बदल सापडण्याची शक्यता बरीच असते आणि तिथे एनजीएससाठी पैसे उभे करणे सार्थकी लागते. काही केंद्रांत चाचण्या मोफत किंवा सवलतीत होतात, त्याची चौकशी समाजसेवा विभागात जरूर करावी.

मात्र 'सिगारेट ओढणाऱ्याला ही चाचणी नको' असा नियम कुठेही नाही. अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या प्रगत अवस्थेतल्या प्रत्येक रुग्णाची चाचणी व्हावी: पुरुष असो की बाई, विडी ओढणारा असो वा नसो. स्क्वॅमस प्रकारात बदल कमी सापडतात. तरी रुग्ण तरुण असेल, कधीच धूम्रपान केलेले नसेल किंवा तुकडा अगदी लहान असेल, तर तिथेही करावी.

नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रिपोर्ट मिळावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तुकडा कमी पडला किंवा थांबायला वेळच नसेल तर रक्तावरची चाचणी, म्हणजे लिक्विड बायोप्सी, उपयोगी पडते. तिला खास नळ्यांत साधारण २० मिलिलिटर रक्त लागते. त्या नळ्या बर्फात ठेवायच्या नसतात. खोलीच्या तापमानालाच त्या कुरिअरने जातात. साध्या ईडीटीए नळीत रक्त घेतले तर ते काही तासांतच प्रक्रियेला जायला हवे, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्या डीएनएमध्ये गाठीचा डीएनए हरवतो. उपचार सुरू होण्याआधी रक्त घ्यावे. रक्तात बदल सापडला तर तो मानून उपचार सुरू करता येतात. न सापडल्यास मात्र 'नाही' असा अर्थ घेता येत नाही, कारण तुकड्यात बदल असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या रक्तात तो दिसत नाही. आजार फक्त मेंदूत किंवा छातीतच मर्यादित असेल तर निसटण्याची शक्यता आणखी जास्त.

रिपोर्ट हातात आल्यावर एक ओळ नीट वाचावी. 'बदल आढळला नाही' आणि 'नमुना अपुरा' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या रिपोर्टवर 'निगेटिव्ह' समजून केमो सुरू झाल्याची उदाहरणे कमी नाहीत. नमुन्यात कर्करोगाच्या पेशी किती टक्के होत्या हे रिपोर्टवर असावे. एनजीएससाठी साधारण २० टक्के तरी हव्यात. ईजीएफआर पॉझिटिव्ह असेल तर कोणत्या एक्झॉनमध्ये, हेही पाहावे. १९ मधील डिलिशन आणि २१ मधील एल८५८आर हे दोन मिळून बहुतांश असतात आणि त्यांवर गोळी चांगली लागू पडते. एक्झॉन २० मधल्या इन्सर्शनवर जेफिटिनिबचा उपयोग होत नाही आणि काही पीसीआर किटमध्ये त्यातले बरेचसे बदल दिसतच नाहीत.

चाचणीने उत्तर मिळाल्यावर महागडी गोळी हाच एक मार्ग उरतो असेही नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या जेफिटिनिबवर आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला; जोडीला पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधे दिल्यावर १६ महिने. गंभीर दुष्परिणाम मात्र २५ वरून ५१ टक्क्यांवर गेले, म्हणून हा मार्ग धडधाकट रुग्णासाठीच. पण मुंबईत सिद्ध झालेला, जेनेरिक औषधांवर चालणारा हा उपचार चाचणी झाल्याशिवाय कोणाच्याही वाट्याला येऊ शकत नाही.

क्षयरोगाचा मुद्दा पुन्हा काढावा लागतो. थुंकी निगेटिव्ह असताना एक्स-रेवरून एकेटी, म्हणजे क्षयरोगाची औषधे, सुरू होते आणि दोन-तीन महिने उतार पडेना तेव्हा सीटी स्कॅन होतो. एकेटीतले रिफॅम्पिसिन हे औषध कर्करोगाच्या या गोळ्यांची रक्तातली पातळी खाली आणते. रुग्णाला एकेटी चालू असेल, किंवा खरोखरच दोन्ही आजार असतील, तर हे कर्करोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. जेफिटिनिब आणि अर्लोटिनिब घेणाऱ्यांनी आम्लपित्ताची गोळीही मनाने घेऊ नये. तिच्यामुळे ही औषधे कमी शोषली जातात.

नातेवाइकांनी करावे असे एक काम म्हणजे ब्लॉक, म्हणजे तुकड्याचा मेणातला ठोकळा, मागून घेणे. फक्त स्लाइड आणि रिपोर्ट घेऊन मोठ्या शहरात आलेल्या रुग्णाचे चार-पाच दिवस केवळ ब्लॉक मागवण्यात जातात. ब्लॉक नेताना तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण मेण मऊ पडले की आतला तुकडा हलतो. चाचणी झाली तरी उरलेला ब्लॉक जपून ठेवावा. पुढे गोळीचा परिणाम ओसरतो तेव्हाही औषध बदलण्याआधी चाचणी करावी लागते, आणि त्या वेळी जुना तुकडा तुलनेला लागतो. जेफिटिनिबनंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत टी७९०एम हा नवा बदल सापडतो आणि त्यावर ऑसिमर्टिनिब चालते. त्यासाठी आधी रक्त तपासावे. तिथे काही आले नाही तर नवा तुकडा घ्यावा.

शासनाकडे आमची मागणी नेमकी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रगत फुप्फुस कर्करोगाच्या औषधोपचाराला मंजुरी देताना ईजीएफआर आणि एएलकेचा रिपोर्ट अनिवार्य करावा आणि त्या चाचणीचा खर्चही योजनेतूनच पूर्ण मिळावा. नुसता रिपोर्ट मागितला आणि पैसे दिले नाहीत, तर गरीब रुग्ण बाहेर फेकला जाईल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अ‍ॅडिनोकार्सिनोमाचे निदान होताच पॅथॉलॉजिस्टने वेगळ्या चिठ्ठीची वाट न पाहता ब्लॉक चाचणीला पाठवावा, असा लेखी आदेश निघावा. रुग्ण आठ दिवसांनी रिपोर्ट न्यायला येतो, मग कर्करोगतज्ज्ञाकडे जातो, मग चाचणीची चिठ्ठी होते, मग ब्लॉक शोधला जातो, यात सध्या तीन-चार आठवडे सहज जातात. आणि जिथे जिथे बायोप्सी होते, त्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला बफर्ड फॉर्मालिन, ईडीटीए आणि छापील लेबलांच्या बाटल्या यांचा खंड न पडता पुरवठा व्हावा. एका रुग्णाच्या एका महिन्याच्या औषधाच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ आहे.

आपले,
फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान व उपचार करणारे काही पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञ